गॅरेजमधला संगणक

संगणक सामान्यांच्या घरात आला, त्यात हौशी मंडळींच्या देवाणघेवाणीचा वाटा मोठा आहे. ५ मार्च १९७५ रोजी कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कमध्ये एका गॅरेजात काही जण जमले आणि होमब्रू कॉम्प्युटर क्लब सुरू झाला. क्लबच्या पुढच्या एका बैठकीत स्टीव्ह डॉम्पियरने अल्टेअर संगणकाशेजारी रेडिओ ठेवून, यंत्रामुळे होणाऱ्या खरखरीतूनच गाण्याची धून ऐकवली. स्टीव्ह वॉझ्नियॅकने तर ॲपल-१चे आराखडे सभासदांना मोफत वाटले. कुणी म्हणेल, फुकट वाटल्याने निर्माता बुडतो. १९७६ साली बिल गेट्स यांनी खुल्या पत्रात प्रोग्रॅमच्या चोरट्या प्रतींबद्दल तक्रार केली, ती रास्तच होती. पण आपले ज्ञान आपखुशीने वाटणे ही चोरी नव्हे. वॉझ्नियॅकच्या त्याच यंत्रातून पुढे ॲपल कंपनी उभी राहिली.