आधी जागा, मग झोपाळा
(प्रभागसंघाच्या बैठकीतील मनोगत)



मागच्या महिन्यात एका ग्रामसंघात विषय निघाला, गावात मुलांसाठी बाग करू या. सगळ्यांनी हात वर केले. आणि चर्चा थेट झोपाळा केवढ्याला, घसरगुंडी कसली घ्यायची इथूनच सुरू झाली. जागेचं कुणी बोललंच नाही. म्हणून आज जागेबद्दल बोलते.

मी मुंबईची, कांदिवलीतल्या चारकोपची. तुम्ही म्हणाल, मुंबईत कसलं आलंय अंगण! पण आमच्याकडे आहे. १९८५ मध्ये जागतिक बँकेच्या कर्जातून मुंबई नागरी विकास प्रकल्प सुरू झाला. त्यात म्हाडाने चारकोपला पाणी, गटार, रस्त्याची सोय करून छोटे छोटे प्लॉट आखून दिले. काही तर फक्त २५ चौरस मीटरचे. घर ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे बांधायचं. पण सुमारे पस्तीस प्लॉट मिळून एक सोसायटी आणि मधे सगळ्यांचं मोकळं अंगण, हे आधीच ठरलेलं. पुढे घरांवर मजले चढले, तरी आमचं अंगण राहिलं. कारण ते नकाशात होतं.

आई ओट्यावर तांदूळ निवडायची, तिथूनच तिचं आमच्यावर लक्ष असायचं. पण खरं सांगू? आठवीत गेले तसं माझं अंगणात जाणं बंद झालं. मधे मोठ्या मुलांचं क्रिकेट, कडेला मोटारसायकली. आम्हा मुलींना कुणी हाकललं नव्हतं. जागाच उरली नव्हती. आम्ही ओट्यावर बसून बघायचो.

म्हणून तुम्हाला सांगते, जागा घरांच्या नजरेतली बघा. अंगणवाडीजवळ, शाळेजवळ. गावाबाहेरची पडीक जागा लवकर मिळेल, पण तिथं तुमची मुलगी संध्याकाळी जाईल का?

ती जागा कुणाच्या नावावर आहे, ते ग्रामपंचायतीतून आधी बघून घ्या. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची तरतूद कायद्यातच आहे. तिथं ठराव करा, तो ग्रामसभेत मांडा आणि गावाच्या विकास आराखड्यात घालायला लावा. इथं गाड्या लावायच्या नाहीत, लाकडं-कडबा रचायचा नाही, हेही ठरावात लिहा. नुसतं तोंडी ठरलेलं वर्षभरात विसरलं जातं.

मग आखणी. लहानग्यांचा कोपरा वेगळा ठेवा, चेंडू तिकडे जायला नको. झोपाळ्याखाली फरशी नको, फूटभर वाळू टाका. पोर पडलं तरी मार कमी लागेल. झोपाळ्याच्या पुढेमागे मोकळी जागा सोडा. सावलीला कडुनिंब लावा, आयाबायांना टेकायला एक बाकडं ठेवा. मोठ्या मुलींना लंगडी, खो-खो खेळता येईल एवढी जागा त्यांच्या नावाने राखा. वाळू सारखी करणं, नटबोल्ट तपासणं, हे दर महिन्याला कुठल्या गटाकडे, तेही इतिवृत्तात नावानिशी येऊ द्या.

पैसे कमी असले तर झोपाळा पुढच्या वर्षी घेऊ. जागा मात्र यंदाच कागदावर आणू.

पुढच्या बैठकीला येण्याआधी एक काम करा. आपल्या वाडीतल्या दहा-बारा वर्षांच्या पाच मुलींना विचारा, "तू कुठं खेळतेस गं?" जे उत्तर येईल ते वहीत लिहून आणा. आपण तिथूनच सुरुवात करू.