आधी औषध, मग ऑपरेशन
(रौप्यमहोत्सवी वर्षातील आरोग्य-कार्यक्रमात केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही, माझं आयुष्य बँकेत गेलं. पण धाकट्या भावाच्या आजारपणात जे शिकलो, ते आपल्याला उपयोगी पडेल म्हणून सांगतो.

भाऊ सहा महिने म्हणत होता, "दादा, दोन घास खाल्ले की पोट भरतं." मी म्हणायचो, "अ‍ॅसिडिटी असेल, गोळी घे." वजन उतरलं, शौचाला काळी होऊ लागली, तेव्हा एंडोस्कोपी केली. जठराचा कॅन्सर निघाला. माझा तो सल्ला मला अजून टोचतो.

डॉक्टर म्हणाले, आधी केमो, मग ऑपरेशन, मग पुन्हा केमो. घरात सगळ्यांचा एकच प्रश्न : गाठ आहे तर लगेच काढत का नाहीत? कारण असं, की स्कॅनमध्ये न दिसणाऱ्या पेशी आधीच इतरत्र गेलेल्या असू शकतात. शिवाय जठर काढल्यावर माणूस खंगतो, पुढची केमो बऱ्याच जणांना झेपत नाही. म्हणून अंगात ताकद असतानाच निम्मे डोस देतात. 'फ्लॉट' नावाची चार औषधं, दर पंधरा दिवसांनी, चार वेळा आधी आणि चार वेळा नंतर.

मग डॉक्टरांनी इम्युनोथेरपीचा विषय काढला. आपल्या शरीरातले सैनिक कॅन्सरशी लढू शकतात, पण कॅन्सर त्यांचा ब्रेक दाबून धरतो. हे औषध तो ब्रेक सोडवतं. या शोधासाठी २०१८ चं नोबेल अ‍ॅलिसन आणि होंजो यांना मिळालं.

२०२५ मध्ये 'मॅटरहॉर्न' या अभ्यासाचे निकाल आले. ९४८ रुग्ण होते. निम्म्यांना फक्त फ्लॉट, निम्म्यांना फ्लॉटबरोबर दुर्व्हालुमॅब. दोन वर्षांनी आजार न बळावता, न उलटता जगत असलेले किती? फक्त फ्लॉटवर शंभरात सुमारे ५८, जोडीने दिल्यावर ६७. काढलेल्या जठरात कॅन्सरचा मागमूस न उरलेले रुग्ण ७ टक्क्यांवरून १९ टक्क्यांवर गेले. पण कधी कधी ब्रेक सुटलेले सैनिक आपल्याच थायरॉईडवर, फुप्फुसावर, आतड्यावर चालून जातात, हेही डॉक्टरांनी सांगितलं.

माझ्यातला बँकवाला जागा झाला. शंभरात नऊ जणांचा फायदा! भावाने विचारलं, "दादा, त्या नवात मी असेन का?" मला उत्तर देता आलं नाही. इंजेक्शनं वर्षभर घ्यायची, त्याच्या पॉलिसीत या उपचाराला वेगळी मर्यादा. मी माझी एफडी मोडायला तयार होतो. तो म्हणाला, "फ्लॉट घेतो. मुलीच्या शिक्षणाचे आणि तुझ्या म्हातारपणाचे पैसे राहू देत." मी दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही. मग त्याचं ऐकलं.

ऑपरेशन झालं, सगळे डोस पार पडले. आता थोडं थोडं, दिवसातून सहा वेळा खातो. तपासण्या चालू आहेत. आमचा निर्णय बरोबर की चूक, हे मला माहीत नाही. पण तो त्याने समजून-उमजून घेतला, याचं समाधान आहे.

तेव्हा मंडळी, तीन गोष्टी. पोटाची तक्रार रेंगाळली, वजन उतरलं, तर शेजाऱ्याचा सल्ला घेऊ नका, माझाही नको, एंडोस्कोपीचं विचारा. असा आजार निघालाच, तर ऑपरेशनच्या आधीच विचारा, की गाठीची एमएसआय तपासणी केली का, आणि इम्युनोथेरपीचा उपयोग होईल का. आणि आज घरी गेल्यावर आपली मेडिक्लेम पॉलिसी काढून इम्युनोथेरपीची मर्यादा वाचा. कागद वेळेवर वाचावा, हे मी ग्राहकांना आयुष्यभर सांगत आलो.