बंधुत्वाची कसोटी

(उच्च शिक्षणासाठी परदेशी निघालेले विद्यार्थी व त्यांचे पालक यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



अमेरिकेतील विद्यापीठांच्या परिसरात ग्रीक अक्षरांची नावे मिरवणाऱ्या वास्तू आपल्याला दिसतील. तेथील मुलांच्या संघटनांना फ्रॅटर्निटी आणि मुलींच्या संघटनांना सोरोरिटी म्हणतात. लॅटिनमधील 'फ्रातेर' व 'सोरोर' ही आपल्या 'भ्रातृ' व 'स्वसृ' यांची सख्खी भावंडे. ही परंपरा १७७६ मध्ये स्थापन झालेल्या फाय बीटा कॅपापर्यंत मागे नेली जाते. आयुष्यभराची मैत्री आणि सेवाकार्य ही तिची उजळ बाजू. मात्र प्रवेशासाठी नवागताचा छळ करण्याची रीत, ज्याला तेथे हेझिंग म्हणतात, हा तिच्यावरचा कलंक.

फेब्रुवारी २०१७ मध्ये पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठातील टिमोथी पियाझा या १९ वर्षांच्या विद्यार्थ्याला अशाच एका प्रवेशविधीत अतोनात मद्य पाजण्यात आले. तो जिन्यावरून कोसळला. भोवती 'बंधू' होते. तरीही मदतीसाठी दूरध्वनी केला गेला तो सुमारे बारा तासांनी! हा तरुण वाचला नाही. संघटनेचे नाव राखण्यासाठी बाळगलेले मौन एका जिवापेक्षा मोठे ठरले.

यानंतर जे घडले, ते विचार करण्याजोगे आहे. २०१८ मध्ये फ्रॅटर्निटींची आणि सोरोरिटींची शिखर संघटना, तसेच अशा घटनांत पुत्र गमावलेले आईवडील यांनी एकत्र येऊन हेझिंगविरोधी आघाडी उभारली. ज्या व्यवस्थेने आपले मूल हिरावले, तिच्याच सभासदांसमोर उभे राहून बोलायला किती धैर्य लागले असेल! पण सूडाने दुसऱ्याचे मूल वाचत नाही, हे त्या मातापित्यांनी ओळखले. आघाडीने कडक कायद्यांचा आग्रह धरला. पेनसिल्व्हेनियाने २०१८ मध्येच पियाझाच्या नावाने कायदा केला. बळी पडलेल्याची संमती हा त्यात बचाव ठरत नाही आणि तातडीने मदत बोलावणाऱ्याला संरक्षण मिळते. डिसेंबर २०२४ मध्ये संपूर्ण देशासाठी कायदा झाला. हेझिंगच्या घटना जाहीर करणे विद्यापीठांवर बंधनकारक झाले. फ्रॅटर्निटींच्या शिखर संघटनेनेही सभासद-संघटनांच्या वास्तूंत पंधरा टक्क्यांहून अधिक मद्यार्काच्या पेयांना १ सप्टेंबर २०१९ पर्यंत बंदी घालण्याचा निर्णय केला.

आपण याकडे परक्याचे दुखणे म्हणून पाहू नये. महाराष्ट्राने रॅगिंगविरोधी कायदा १९९९ मध्ये केला. २००९ मध्ये हिमाचल प्रदेशात अमन काचरू या वैद्यकीय विद्यार्थ्याचा बळी गेला आणि त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने कडक नियम लागू केले. आज विद्यार्थी व पालक दोघांकडूनही हमीपत्र घेतले जाते. पण ते हमीपत्र वसतिगृहातल्या मध्यरात्री जागे असते काय? तेथे जागा असावा लागतो तो शेजारच्या खोलीतला विद्यार्थी.

म्हणून विद्यार्थी मित्रांनो, कोणत्याही संघटनेत जरूर जा, पण तिच्या दारात स्वत्व गहाण ठेवू नका. सोबती बेशुद्ध पडला, तर संघटनेचे काय होईल याचा विचार न करता आधी रुग्णवाहिका बोलवा. भावाला वाचवण्यासाठी मौन मोडणे ही फितुरी नव्हे. तोच बंधुधर्म होय.