मोहाचे ऋण

गोंदिया जिल्ह्यातील गोरेगाव तालुक्यात चैत्राची पहाट मोहफुलांच्या सड्याने उजाडते. ही फुले वाळवून वर्षभर साठविली जातात. बियांचे तेल दिव्याला आणि स्वयंपाकाला येते. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरील वननिवासींचा हक्क मान्य केला. परंतु हक्काबरोबर कर्तव्यही येते. वेचणी सोपी व्हावी म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटविला, तर कोवळी रोपे करपतात. सारे बी तेलासाठी नेले, तर नवा मोह उगवणार कसा? या बियांची उगवणशक्ती अल्पकाळच टिकते. म्हणून पाचोळा झाडून बाजूला सारावा आणि आषाढात ताजे बी लगेच पेरावे. बहरासाठी सुमारे 10 वर्षे थांबावे लागते. पूर्वजांनी तेवढा धीर धरला, म्हणूनच आजची टोपली भरते.