मनाचेही दुखणे असते, आणि ते बरे होते

(कर्जत येथील खरीपपूर्व शेतकरी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या सुमारास मी आपल्यापुढे उभा राहतो तो बीजप्रक्रिया, गादीवाफे आणि युरिया-डीएपी ब्रिकेट यांविषयी बोलण्यासाठी. ते विषय आजही आहेत; दुपारच्या सत्रात माझे सहकारी ते सांगणार आहेत. मी मात्र आज मनाच्या आजारांविषयी बोलण्याची परवानगी मागून घेतली आहे. मी डॉक्टर नाही, कृषिविद्येचा अध्यापक आहे. तेव्हा जे वाचले आणि जाणकारांकडून समजून घेतले, तेवढेच सांगेन. हा विषय का घेतला, ते आधी सांगतो.

तीन वर्षांपूर्वी खालापूर तालुक्यातील एका गावात आम्ही भाताची प्रात्यक्षिके घेतली होती. त्यातील एक शेतकरी पंचेचाळिशीचा, अतिशय कष्टाळू. त्याची रोपवाटिका दाखवून आम्ही इतरांना 'अशी करा' म्हणत असू. कर्जत-३ चे बियाणे त्याला मे महिन्यातच दिले होते. मृग निघून गेला तरी बियाण्याची पिशवी ओटीवर तशीच पडलेली. मी विचारले, "दादा, पेरणी कधी?" तो खाली बघत म्हणाला, "बघू, सर." मी त्याला उशिरा पेरणीचे तोटे सांगितले, घडीपत्रिका दिली, वहीत 'रोपवाटिका नाही, शेतकऱ्याचा निरुत्साह' अशी नोंद केली आणि पुढच्या गावी गेलो.

आवणीच्या दिवसांत पुन्हा गेलो तेव्हा आजूबाजूची खाचरे हिरवी झाली होती आणि त्याचे शेत पडीक होते. त्या दिवशी वहिनींनी मला मागच्या दाराशी बोलावून सांगितले, "सर, चार महिने झाले, ह्यांना झोप नाय. धड जेवत नाय. रात्रभर ओटीवर बसून असतात. लोक म्हणतात, रस्त्याकडची जमीन विकली नि आळस चढला." वहिनी धीराच्या निघाल्या. दिराला बरोबर घेऊन त्यांनी त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेले. निदान नैराश्याचे झाले. गोळ्या आणि समुपदेशन मिळून सात-आठ महिने उपचार चालले. पुढच्या वर्षी त्याने आपल्या हाताने राब भाजला. हे सर्व मी त्याच्या परवानगीने, नाव न घेता सांगत आहे. भाताचे पान पिवळे पडले तर नत्र कमी आहे की लोह, हे मी बांधावरून सांगतो. माणूस समोर कोमेजून बसला होता, तो मात्र मला आळशी वाटला. ही रुखरुख अजून आहे.

ताण कोणता, आजार कोणता?

कापणीच्या वेळी पाऊस लागला, मुलीचे लग्न तोंडावर आले, सोसायटीची नोटीस आली, तर काळजी वाटणारच. तो ताण आहे. कारण दूर झाले की तो उतरतो. परंतु मन उदास राहणे किंवा कशातही गोडी न वाटणे हे दिवसाचा बराच वेळ, जवळजवळ रोज, दोन आठवड्यांहून अधिक टिकले आणि त्याबरोबर पुढील लक्षणे दिसली, तर आजाराची शंका घ्यावी :

१) झोप न लागणे, पहाटे फार लवकर जाग येणे किंवा अतिझोप.
२) भूक मंदावणे, वजन घटणे.
३) थोड्या कामानेही गळून जाणे, हालचाली मंदावणे.
४) लक्ष न लागणे, साधा निर्णयही न घेता येणे.
५) 'माझ्यामुळेच सगळे वाटोळे झाले' असे वारंवार वाटणे.
६) जगण्यात अर्थ नाही असे विचार येणे.

आपल्याकडे 'मन उदास आहे' असे सहसा कोणी सांगत नाही. डोके जड आहे, अंग दुखते, छातीत धडधडते, अशा तक्रारी घेऊन माणूस दवाखाने फिरतो. तपासण्यांत काही निघत नाही आणि घरचे म्हणतात, सोंग आहे. पुरुषांमध्ये हाच आजार कधी चिडचिडीच्या, तर कधी दारूच्या रूपाने बाहेर येतो.

गोवा आणि अमरावतीचे प्रयोग

आता संशोधनाकडे वळतो. आपल्या देशात मानसोपचारतज्ज्ञ थोडे आणि तेही बहुतेक शहरांत. मग खेड्यातील माणसाला समुपदेशन कोण देणार? गोव्यातील 'संगाथ' या संस्थेच्या संशोधकांनी हा प्रश्न हाती घेतला. ज्यांना मानसोपचाराचे पूर्वशिक्षण नाही अशा स्थानिक माणसांना त्यांनी तीन आठवड्यांचे वर्ग आणि त्यानंतर देखरेखीखाली काम, असे प्रशिक्षण दिले. गोव्यातील १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत, तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ रुग्णांवर ही चाचणी झाली. आपण पीक प्रात्यक्षिकात शेजारी नियंत्रण वाफा ठेवतो, तसाच येथेही निम्म्या रुग्णांना नेहमीचे उपचार आणि निम्म्यांना त्याशिवाय सहा ते आठ बैठकांचे समुपदेशन देण्यात आले. निष्कर्ष २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के रुग्णांचा आजार ओसरला होता. नेहमीच्या उपचारांत हे प्रमाण ३९ टक्के होते.

या बैठकांत काय करतात, ते समजून घेण्यासारखे आहे. नैराश्यात माणूस काम सोडतो, लोकांना टाळतो. त्यामुळे आनंदाचे आणि समाधानाचे प्रसंग कमी होतात आणि मन आणखी खचते. हे चक्र समुपदेशक कामाच्या बाजूने तोडतो. 'मन बरे वाटले की काम करीन' असे न म्हणता, आधी एक छोटे काम ठरवायचे, ते करायचे आणि त्यानंतर कसे वाटले ते पाहायचे. आज फक्त गोठ्यात जाऊन बैलाला पाणी दाखवायचे. उद्या बांधावर एक चक्कर. परवा शेजाऱ्याकडे दहा मिनिटे. यात उपदेश नाही, 'धीर धरा' नाही. अडचणी एकेक करून मांडायच्या आणि सुटण्यासारखी आधी सोडवायची.

याच गटाने दारूच्या अतिरेकाने त्रस्त पुरुषांसाठीही अशा थोड्या बैठकांचे समुपदेशन तपासले. तीन महिन्यांनी, आधीच्या चौदा दिवसांत दारूला स्पर्शही न केलेले पुरुष समुपदेशनाच्या गटात ४२ टक्के होते, दुसऱ्या गटात १८ टक्के.

दुसरा प्रयोग आपल्याच राज्यातील आहे. विदर्भात अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत 'विश्राम' हा कार्यक्रम राबविण्यात आला. गावातीलच कार्यकर्ते घरोघर जाऊन या आजाराविषयी बोलत, समुपदेशन करीत आणि गरज असेल त्याला डॉक्टरांपर्यंत पोहोचवीत. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारासाठी कोणाकडे तरी गेलेल्यांचे प्रमाण सुरुवातीला अवघे ४.३ टक्के होते. अठरा महिन्यांनी ते २७.२ टक्के झाले. उपचार घेणारे वाढले, ते गावात या विषयावर उघड बोलणे सुरू झाले म्हणून. राज्य शासनाने २०१५ साली शेतकरी समुपदेशनासाठी 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला, तो विदर्भ-मराठवाड्यातील १४ जिल्ह्यांसाठी होता. रायगड त्यात नव्हता. म्हणून आपल्याकडे हे दुखणे नाही, असे मात्र समजू नये.

आपल्याच तालुक्यातील काम

कर्जतपासून जवळ वेणगाव येथे 'श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन' चे केंद्र २००६ पासून आहे, हे आपल्यापैकी अनेकांना माहीत असेल. डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी या मानसोपचारतज्ज्ञ दांपत्याने हे काम १९८८ साली मुंबईत सुरू केले. रस्त्यावर फाटक्या कपड्यांत, स्वतःशी बोलत फिरणाऱ्या माणसाला आपण 'वेडा' म्हणून टाळतो. पुष्कळदा त्याला स्किझोफ्रेनिया हा आजार असतो. यात नसलेले आवाज ऐकू येतात, कोणी आपल्या वाईटावर आहे असे वाटते आणि माणूस भरकटत घर सोडतो. अशांना केंद्रात आणून औषधोपचार करतात, भान आले की गावाचे नाव विचारतात आणि घरी नेऊन पोहोचवतात. २०१८ साली डॉ. भरत वाटवानी यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तोवर अशा ७००० हून अधिक माणसांना या संस्थेने रस्त्यावरून उचलून उपचार दिले होते. इतका पुढे गेलेला आजारही औषधाने आटोक्यात येतो, तर घरात बसून सुकणाऱ्या आपल्या माणसाबद्दल निराश होण्याचे कारण नाही.

इर्शाळवाडीने शिकविलेले

१९ जुलै २०२३ ची रात्र खालापूर तालुका विसरणार नाही. इर्शाळगडाच्या कुशीतील ठाकूर बांधवांची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह सापडले, ५७ जण बेपत्ता राहिले. ज्यांना आपल्या माणसाचे शेवटचे दर्शनही झाले नाही, त्यांच्या दुःखाला आपण काय करणार, असे वाटते. येथे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन साधे आहे : पाहा, ऐका, जोडून द्या. आधी अन्न, निवारा आणि सुरक्षितता पाहावी. माणूस बोलेल ते ऐकावे. 'काय काय झाले ते सांग' म्हणून खोदून विचारू नये. जबरदस्तीने आठवणी काढायला लावल्याने फायदा होत नाही, उलट अपाय होऊ शकतो, असे अभ्यासांत दिसले आहे. मग त्याला नातेवाईक, शाळा, आरोग्य केंद्र यांच्याशी जोडून द्यावे. बहुतेक माणसे आपल्या माणसांत हळूहळू सावरतात. पण महिने उलटले तरी पावसाच्या आवाजाने दचकणे, झोपेत ओरडणे, कामावर न जाणे थांबले नाही, तर डॉक्टरांना दाखवावे.

घरात काय करावे?

१) शांतपणे, एकटे असताना विचारावे : "दादा, हल्ली झोप लागते का? मनात काय चाललंय?" आणि मग गप्प राहून ऐकावे. 'तुला काय कमी आहे', 'त्याचे बघ, तो कसा उभा राहिला', असे म्हणू नये.

२) जीव नकोसा वाटतो का, हे स्पष्ट विचारण्यास भिऊ नये. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही समजूत अभ्यासांत खरी ठरलेली नाही. विचारल्याने बहुधा मोकळेपणाच येतो. उत्तर 'हो' आले तर त्या माणसाला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी मदत मिळवावी.

३) कीटकनाशके घरात, माळ्यावर ठेवू नयेत. हा माझ्या विषयाचा भाग असल्याने आग्रहाने सांगतो. टोकाचा विचार बहुधा काही वेळाचा असतो. त्या वेळात हाताशी काही नसेल तर जीव वाचतो. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली. १९९५ नंतरच्या वीस वर्षांत तेथील आत्महत्यांचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी उतरले आणि पिकांच्या उत्पादनात त्यामुळे घट आढळली नाही. त्याच देशात १८० गावांतील चाचणीत घरोघरी कुलपाच्या पेट्या वाटून मात्र फरक दिसला नाही. म्हणजे घरातील कुलूप पुरेसे नाही. औषध गरजेपुरतेच आणावे, उरलेले साठवू नये आणि घरात कोणी खचलेले असेल तर साठा दुसरीकडे हलवावा. २०१८ च्या आदेशाने आपल्या देशातही १८ कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आली आहे. जुने डबे पडून असतील तर कृषी सहायकाला विचारून त्यांची विल्हेवाट लावावी.

४) गोळ्या मध्येच बंद करू नयेत. नैराश्यावरील औषधाचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. बरे वाटले तरी डॉक्टरांना विचारूनच कमी करावीत.

५) देवऋषी, भगताकडे जाण्याची श्रद्धा असेल तर त्यावर मी वाद घालणार नाही. परंतु मारहाण, साखळदंड, उपाशी ठेवणे कदापि होऊ देऊ नये आणि दवाखाना थांबवू नये.

समुपदेशनाने कर्ज फिटते काय?

मागे एका बैठकीत एका काकांनी मला हेच सुनावले : "सर, भाताला भाव द्या, मग मन आपोआप बरं होईल." त्यांचे म्हणणे खोटे नाही. भाव, पाणी, पीक विमा, जमिनीच्या व्यवहारातील फसवणूक यांची उत्तरे त्या-त्या ठिकाणीच मागितली पाहिजेत. समुपदेशनाचे नाव पुढे करून कोणी ती टाळू नयेत. पण ज्या शेतकऱ्याची गोष्ट मी सुरुवातीला सांगितली, त्याच्या घरात पैसा नव्हता असे नव्हते. जमीन विकून आला होता. गेली होती ती झोप आणि उमेद. कर्जाचे पुनर्गठन करायलाही बँकेपर्यंत चालत जाणारे पाय लागतात. आजार आधी तेच काढून घेतो.

मदत कोठे मिळते?

'टेलि-मानस' ही केंद्र शासनाची दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६. दिवसरात्र, विनामूल्य, मराठीतून बोलता येते. जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा कर्जतचे उपजिल्हा रुग्णालय येथे आधी जावे; तेथून अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात किंवा ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात पाठविता येते. गावातील आशा ताईंनाही विचारावे. पोलिसांच्या भीतीने कोणी लपवाछपवी करू नये. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार जीव देण्याचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच मानले जाते, तिच्यावर त्यासाठी खटला चालत नाही आणि तिला उपचार देणे हे शासनाचे कर्तव्य ठरते.

बंधू-भगिनींनो, आठ-दहा दिवसांत आपण राब पेरायला घ्याल. ज्याचा राब यंदा पेरला गेला नाही असे एखादे घर आपल्या वाडीत दिसले, तर माझ्यासारखी वहीत नोंद करून पुढे जाऊ नका. ओटीवर पाच मिनिटे बसा आणि विचारा. बियाण्याचे नंतर बघता येईल.