हवेच्या दाबाने दोर फेकणारे यंत्र
(वार्षिक संमेलनात विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)



३० जून २०२४ रोजी लोणावळ्यास भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. काठावर माणसे होती, पण मध्ये लोंढा होता. पुढच्याच वर्षी, १५ जून २०२५ रोजी, आपल्या मावळातच कुंडमळ्याचा पूल इंद्रायणीत कोसळून चौघांचे प्राण गेले. अशा वेळी काठावरून दोर पोहोचविता येईल काय, हा प्रश्न अभियांत्रिकी शिकणाऱ्या आपल्या मुलांनी हाती घ्यावा, असे आम्हांस वाटते.

ही कल्पना नवी नाही. किनाऱ्याजवळ फुटलेल्या जहाजावरील लोक डोळ्यांदेखत बुडालेले पाहून इंग्लंडातील कॅप्टन मॅनबी याने लहान तोफेतून दोर फेकण्याची युक्ती काढली. १८०८ साली तिच्यायोगे सात खलाशी वाचले. तोफेतील दारूचे काम दाबलेली हवाही करू शकते, आणि ती पायपंपानेसुद्धा भरता येते. भर पावसात वीज नसली तरी अडत नाही.

यंत्राची मुख्य अंगे तीन : हवेची टाकी, झटकन उघडणारी झडप आणि नळी. नळीचा आतील व्यास ५ सेंटिमीटर असेल, तर छेदाचे क्षेत्रफळ जवळजवळ २० चौरस सेंटिमीटर भरते. दर चौरस सेंटिमीटरला ४ किलो दाब ठेवल्यास गोळ्यावर आरंभी सुमारे ८० किलो वजनाइतका रेटा बसतो. झडप सावकाश उघडली, तर हा रेटा वाया जातो. गोळा हलका, पाण्यावर तरंगणारा व मऊ वेष्टनाचा असावा. त्यास बारीक दोरी बांधून ती बादलीत नागमोडी घालावी, म्हणजे गुंता होत नाही. ही दोरी पलीकडे गेली की तिच्या आधारे जाड दोर ओढून घेता येतो. नेम माणसावर कधीही धरू नये. दोरी त्याच्या डोक्यावरून पलीकडे पडावी.

काटकसर करावी, पण टाकीत नव्हे. घरातील पाण्याची प्लॅस्टिकची नळी हवेसाठी वापरू नये. ती फुटली तर तिचे तुकडे गोळीसारखे उडतात. दाबलेल्या हवेसाठीच बनविलेली पोलादी टाकी घ्यावी. तिला दाबमापक व सुरक्षा झडप असावी. प्रथम टाकीत पाणी भरून, वापरावयाच्या दाबाच्या दीडपट दाबाने तिची परीक्षा घ्यावी. पाणी हवेसारखे आकुंचन पावत नाही. म्हणून टाकी फुटलीच तरी स्फोट होत नाही. प्रयोग मोकळ्या मैदानात आणि शिक्षकांच्या देखरेखीखाली करावेत. तयार यंत्र ‘शिवदुर्ग मित्र’सारख्या येथील अनुभवी बचावपथकास दाखवून त्यांचे दोष-दिग्दर्शन नम्रपणे ऐकावे.

मंडळ गुणवंतांस बक्षिसे देते, हे योग्यच आहे. त्याबरोबरच अशा एका प्रयोगाचा खर्च शिष्यवृत्तिनिधीतून द्यावा, अशी आमची कार्यकारिणीस विनंती आहे. लोंढ्यात सापडलेल्याची जात कोणी विचारीत नाही. आपल्या मुलांची विद्या सर्वांच्या उपयोगी पडली, तर त्यातच ज्ञातीचे खरे भूषण आहे.