जुने राखणे आणि नवे घडविणे

(शिक्षक, पंचायत सदस्य व शासकीय अधिकारी यांच्या अभ्यासवर्गात दिलेले भाषण)



आजचा विषय प्रथमदर्शनी आपणांस थोडा अनपेक्षित वाटण्याचा संभव आहे. संगणकावर व मोबाईलवर खेळले जाणारे खेळ तयार करणाऱ्या संस्था आपला पैसा, आपली माणसे आणि आपला वेळ जुन्या व नव्या खेळांमध्ये कशा वाटतात, हा तो विषय होय. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांविषयी मी बोलणार नाही. त्यांच्यासंबंधी २०२५ साली स्वतंत्र केंद्रीय कायदा झालेला आहे. मी बोलणार आहे ते कला, कथा आणि तंत्र यांच्या संगमातून निर्माण होणाऱ्या खेळांविषयी.

या विषयाचा आपल्याशी संबंध आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या राज्य मंत्रिमंडळाने ॲनिमेशन, दृश्यपरिणाम, गेमिंग व कॉमिक्स या क्षेत्रांसाठीच्या धोरणास मान्यता दिली. आपल्या शाळांतील काही मुले उद्या या व्यवसायात प्रवेश करतील. तेथे त्यांना कोणते काम करावे लागेल, याची कल्पना त्यांच्या शिक्षकांना आणि पालकांना असणे इष्ट आहे.

विक्रीनंतरचे काम

पूर्वी खेळ तबकडीवर भरून विकला जाई आणि निर्मात्याची जबाबदारी बहुतांशी तेथेच संपे. आज अनेक खेळ कंपनीच्या सर्व्हरवर अहोरात्र चालू असतात. लोक मासिक वर्गणी भरतात, वर्षानुवर्षे त्याच खेळात रमतात आणि तेथेच स्नेहसंबंधही जोडतात. अशा खेळाला सतत माणसे लागतात. दोष काढणारे, लबाडी करणाऱ्यांना आवर घालणारे, तक्रारी ऐकणारे, नव्या यंत्रांशी जुना प्रोग्राम जुळवून घेणारे आणि खेळात वेळोवेळी नवी भर घालणारे, असे कितीतरी हात त्यामागे असतात.

याउलट नवा खेळ पूर्ण होण्यास कित्येक वर्षे लागतात व त्या काळात त्यापासून एक रुपयाही मिळत नाही. त्याचा खर्च बहुधा जुन्या खेळाच्या उत्पन्नातूनच भागवावा लागतो. म्हणजे कमावतो जुना आणि खातो नवा. साहजिकच उत्तम कारागीर नव्या कामाकडे वळविण्याचा मोह व्यवस्थापनाला होतो. मात्र जुन्या प्रोग्रामचे बारकावे ज्यांना ठाऊक असतात अशी माणसे मोजकीच असतात. ती गेली की जुन्या खेळातील किरकोळ दुरुस्तीही अवघड होऊन बसते. पैसा उभारता येतो. जाणकार माणूस ऐन वेळी उभा करता येत नाही. या वाटणीतील खरी अडचण ती हीच.

केंब्रिजचा कौल

इंग्लंडमधील केंब्रिज येथील जॅजेक्स या कंपनीचा ‘रूनस्केप’ हा खेळ ४ जानेवारी २००१ रोजी सुरू झाला. अँड्र्यू गॉवर आणि त्यांच्या बंधूंनी तो उभा केला. पुढे त्यात अनेक बदल होत गेले. नोव्हेंबर २०१२ मध्ये लढाईची पद्धतच मुळापासून बदलण्यात आली, तेव्हा जुने खेळाडू मोठ्या प्रमाणावर नाराज झाले. आम्हाला आमचा पूर्वीचा खेळ परत द्या, अशी मागणी जोर धरू लागली.

कंपनीपाशी ऑगस्ट २००७ मधील खेळाची एक जतन केलेली प्रत होती. तिने फेब्रुवारी २०१३ मध्ये वर्गणीदारांचा कौल घेतला. या कौलाची योजना लक्षात घेण्यासारखी आहे. मतांच्या संख्येनुसार टप्पे ठरविण्यात आले होते. मते जितकी अधिक, तितकी जुन्या आवृत्तीसाठीची जादा आकारणी कमी आणि तिच्या कामावर नेमली जाणारी माणसे अधिक, असे आधीच जाहीर करण्यात आले. साधनांची वाटणी बंद दाराआड न करता ती वापरणाऱ्यांपुढे मांडण्यात आली होती. सुमारे साडेचार लाख मते पडली आणि २२ फेब्रुवारी २०१३ रोजी ‘ओल्ड स्कूल रूनस्केप’ या नावाने जुना खेळ पुन्हा सुरू झाला.

प्रारंभी त्याचा कर्मचारीवर्ग लहानच होता. परंतु तो केवळ त्याच खेळासाठी नेमलेला होता. खेळात कोणतीही महत्त्वाची भर घालण्यापूर्वी खेळाडूंचे मत घ्यावयाचे आणि पंचाहत्तर टक्के अनुकूल मते मिळाली तरच ती अंमलात आणावयाची, असा दंडक घालण्यात आला. २०२२ मध्ये ही मर्यादा सत्तर टक्क्यांवर आणण्यात आली. कालांतराने या जुन्या आवृत्तीचे खेळाडू नव्या आवृत्तीच्या खेळाडूंहून अधिक झाले. ऑक्टोबर २०१८ मध्ये ती मोबाईलवर आली; नव्या आवृत्तीला त्यासाठी २०२१ साल उजाडावे लागले. ज्याचे आयुष्य संपले असे मानले गेले होते, त्यानेच घराला आधार दिला.

एकाच वेळी दोन आघाड्या

दुसरे उदाहरण जपानमधील आहे. स्क्वेअर एनिक्स या कंपनीचा ‘फायनल फँटसी चौदा’ हा खेळ ३० सप्टेंबर २०१० रोजी बाजारात आला आणि सपशेल फसला. कंपनीने जाहीर क्षमायाचना केली, मासिक वर्गणी घेणे लांबणीवर टाकले आणि डिसेंबर २०१० मध्ये नाओकी योशिदा यांच्याकडे सूत्रे सोपविली.

त्यांच्यापुढे दोन मार्ग होते. फसलेला खेळ सोडून देऊन सर्व बळ नव्यावर लावावे, किंवा नव्याचा विचार सोडून जुन्यालाच ठिगळे लावीत बसावे. त्यांनी दोन्ही कामे एकाच वेळी हाती घेतली. एकीकडे चालू खेळात सुधारणा होत राहिल्या आणि दुसरीकडे त्याच खेळाची पायापासून नवी उभारणी सुरू झाली.

जो खेळ बंदच करावयाचा, त्यावर श्रम का वेचावेत, असा प्रश्न येथे कोणीही विचारील. त्याचे उत्तर असे की, पडत्या काळातही जे खेळाडू टिकून राहिले, त्यांच्या विश्वासावरच नव्या खेळाची इमारत उभी राहावयाची होती. ११ नोव्हेंबर २०१२ रोजी जुने सर्व्हर बंद करण्यात आले, तेही कथेतच एक प्रलय घडवून. २७ ऑगस्ट २०१३ रोजी खेळ नव्या रूपात सुरू झाला, तेव्हा जुन्या खेळाडूंना आपली पात्रे पुढे नेता आली. त्यांची मेहनत वाया गेली नाही. विशेष म्हणजे याच कंपनीने २००२ साली सुरू केलेला ‘फायनल फँटसी अकरा’ हा खेळही या काळात बंद केला नाही.

दिवा मालवल्यावर

सर्वच खेळांचे भाग्य असे नसते. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचा ‘द क्रू’ हा मोटारशर्यतीचा खेळ २०१४ साली आला. एकट्याने खेळावयाचे असले तरी त्याला कंपनीच्या सर्व्हरची गरज लागे. ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद झाले आणि दाम मोजून खेळ घेतलेल्यांच्या हाती काहीही उरले नाही. यातून रॉस स्कॉट यांनी खेळ बंद पाडण्याच्या प्रथेविरुद्ध मोहीम उभारली. युरोपीय संघातील नागरिकांच्या अर्जावरील सह्यांनी जुलै २०२५ मध्ये दहा लाखांचा टप्पा ओलांडला. कोणताही खेळ अखंड चालवावा, असा या लोकांचा आग्रह नाही. बंद करताना तो खेळण्याजोग्या अवस्थेत ठेवावा, एवढेच त्यांचे म्हणणे आहे. याच मालिकेतील पुढील खेळ सर्व्हरविना चालू शकतील अशी व्यवस्था करण्याचे त्या कंपनीने २०२४ मध्येच जाहीर केले. तात्पर्य, जुन्याला निरोप देण्याचा खर्चही आरंभीच्या अंदाजपत्रकात धरावयास हवा.

आपल्या पुण्या-मुंबईचाही या विषयाशी संबंध आला आहे. २००३ सालच्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम’ या गाजलेल्या खेळाची नवी आवृत्ती घडविण्याचे काम युबिसॉफ्टच्या पुणे व मुंबई येथील स्टुडिओंकडे देण्यात आले होते व तशी घोषणा २०२० मध्ये झाली होती. मे २०२२ मध्ये ते काम कॅनडातील मॉन्ट्रियल येथे, मूळ खेळ जेथे घडला त्या स्टुडिओकडे, सोपविण्यात आले. जुन्याचे नूतनीकरण हे दुय्यम काम नव्हे, एवढे यावरून ध्यानात यावे.

समारोप

मित्रहो, या उदाहरणांतून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, जुन्याच्या देखभालीसाठी माणसे व निधी आधी राखून ठेवावा. उरले-सुरले तेवढे जुन्याला, ही रीत घातक आहे. दुसरी, वाटणी कशी केली हे वापरणाऱ्यांना सांगावे आणि शक्य तेथे त्यांचे मत घ्यावे. तिसरी, जुने बंद करावयाचेच असेल तर मुदत देऊन आणि पर्याय ठेवून ते करावे.

नळयोजनेची दुरुस्ती आणि नवी टाकी यांत निधी वाटण्याचा प्रसंग ज्यांच्यावर आला आहे, त्या पंचायत सदस्यांना हे तर्कशास्त्र परके वाटणार नाही. नव्या कामाचे उद्घाटन होते. देखभालीचे होत नाही. तरीही लोकांचा रोजचा दिवस चालतो तो देखभालीवर.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती आहे. या क्षेत्राकडे वळणाऱ्या मुलांना केवळ नवे निर्माण करण्याची स्वप्ने देऊ नका. दुसऱ्याने लिहिलेले वाचावे, समजून घ्यावे, त्यातील दोष काढावा आणि ते चालते ठेवावे, ही विद्याही त्यांना शिकवा. या व्यवसायात तिची गरज कायम राहणार आहे, आणि ती ज्याच्यापाशी आहे त्याला नवे घडविणेही अधिक चांगले साधते.